‘मधुमेहींचं युरिन इन्फेक्शन जनुकांतच लिहिलेलं असतं’ म्हणे!

फॅमिली ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचा गोषवारा असा: मधुमेह असलेल्यांना युरिन इन्फेक्शन होणं जनुकांतच लिहिलेलं असतं. आईला व्हायचं, तर मुलीला होणारच. बी आणि एबी रक्तगटवाल्यांनी जास्त जपावं. लघवीतली साखर हे जंतूंचं खाद्य. दर तीन महिन्यांनी लघवीचं कल्चर (जंतू आहेत का ते पाहणारी तपासणी) करा आणि जंतू निघाले की त्रास नसला तरी अँटिबायोटिक गोळ्यांचा कोर्स घ्या. खाली ‘जनहितार्थ’.

सगळंच खोटं असतं तर एका ओळीत निकाल लागला असता. पण यात थोडं खरं मिसळलंय, म्हणून ते पटकन पटतं.

आनुवंशिकतेचं आधी बघू. आईला वारंवार इन्फेक्शन होत असेल तर मुलीला धोका जास्त असतो, हे तरुण स्त्रियांच्या अभ्यासात दिसलंय. जंतूची चाहूल घेणारं टीएलआर4 आणि पांढऱ्या पेशींना बोलावणं पोचवणारं सीएक्ससीआर1 या जनुकांतले फरकही सापडलेत. मात्र हा पुरावा बहुतांशी लहान मुलं आणि एरवी निरोगी असलेल्या स्त्रियांमधला आहे. मधुमेहींना तो सरसकट लावता येत नाही, आणि ‘धोका जास्त’ला ‘होणारच’ करणं ही मेसेज लिहिणाऱ्याची स्वतःची भर.

रक्तगटाची गोष्टही हवेतून आलेली नाही. 1980च्या दशकातल्या काही अभ्यासांत असा संबंध दिसला होता, पण त्यात एक अट होती: रक्तगटाचे घटक लाळेत आणि श्लेष्मल आवरणावर (शरीराच्या आतल्या ओलसर अस्तरावर) उतरतात की नाही. ते एफयूटी2 या वेगळ्याच जनुकावर ठरतं आणि नेहमीच्या रक्तगटाच्या रिपोर्टात ते लिहिलेलंच नसतं. तेव्हा कार्डावरचं ‘बी पॉझिटिव्ह’ बघून घाबरायचं कारण नाही.

मेसेजात जिचा पत्ताच नाही, ती गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मधुमेहात बहुतेक वेळा संरक्षणाचं जनुक बिघडलेलं नसतं, ते गप्प बसलेलं असतं. मूत्राशयाच्या पेशी सोरियासिन नावाचं जंतुनाशक प्रथिन बनवतात. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या गटाने 2022 मध्ये दाखवलं, की रक्तातली साखर जास्त असलेल्यांमध्ये हे सोरियासिन कमी पडतं आणि युरिन इन्फेक्शन करणाऱ्या ई. कोलाय जंतूंचं फावतं. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक दिल्यावर पेशींची ही फळी पुन्हा उभी राहिली. (पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन घटतं; तेव्हा त्रास का वाढतो, याचा एक धागा इथेच सापडतो.) मूत्रपिंडाकडे आरनेझ 7 नावाचं असंच एक प्रथिन असतं, आणि त्याचं उत्पादन इन्सुलिनच्या इशाऱ्यावर चालतं. नुकताच टाइप 1 मधुमेह निघालेल्या मुलांच्या लघवीत ते कमी होतं, इन्सुलिन सुरू झाल्यावर वाढलं. जन्मापासूनचा दोष असता तर इन्सुलिनने तो हलला असता का?

त्यात जंतूंची चिकाटी. ई. कोलाय आपल्या केसांसारख्या तंतूंनी मूत्रमार्गाच्या पेशींना धरतो. नेदरलँड्समधल्या 2002 च्या अभ्यासात एका प्रकारचे तंतू असलेले जंतू मधुमेही स्त्रियांच्या पेशींना इतर स्त्रियांच्या पेशींपेक्षा जास्त चिकटले. शिवाय अनेक वर्षांच्या मधुमेहात मूत्राशयाच्या नसा मंदावतात, लघवी पूर्ण होत नाही आणि उरलेल्या लघवीत जंतू मुक्काम करतात.

आता साखर हे खाद्य असल्याची गोष्ट. ऐकायला इतकी सरळ, की तपासावीशी वाटत नाही. काही माणसांत एसएलसी5ए2 हे जनुक जन्मतःच बदललेलं असतं आणि त्यांच्या लघवीतून आयुष्यभर साखर जाते. बहुतेकांना त्याचा काही त्रास होत नाही. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या हेच काम, म्हणजे लघवीवाटे साखर बाहेर टाकणं, मुद्दाम करतात. 2020 मध्ये पेटंट संपल्यावर डापाग्लिफ्लोझिन भारतात स्वस्त झालं, त्यामुळे बऱ्याच घरांत ते असेल. मोठ्या चाचण्या एकत्र पाहिल्या तर या गोळ्यांनी जननेंद्रियाजवळचा बुरशीचा संसर्ग स्पष्ट वाढतो, लघवीतला जिवाणूसंसर्ग मात्र एकूणात तसा वाढलेला दिसत नाही. तरी 2015 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने लघवीच्या गंभीर संसर्गाचा इशारा दिला होताच. त्यामुळे गोळी मनाने बंद करू नका, लक्षणं मात्र अंगावर काढू नका.

शेवटचा सल्ला सगळ्यात घातक आहे. मधुमेही स्त्रियांच्या लघवीत काहीही त्रास नसताना जंतू सापडणं नेहमीचं आहे. 2002 मध्ये कॅनडात अशा 105 स्त्रियांवर चाचणी झाली. निम्म्यांना अँटिबायोटिक दिलं, निम्म्यांना नाही, आणि तीन वर्षांपर्यंत लक्ष ठेवलं. गोळ्यांनी पुढची इन्फेक्शनं टळली नाहीत, पोटात औषध मात्र कितीतरी जास्त गेलं. म्हणूनच मधुमेह आहे एवढ्यावरून लक्षणांविना कल्चर करू नये आणि उपचारही करू नयेत, असं आज मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. गर्भवती आणि मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया ठरलेले रुग्ण यांचं वेगळं. कारण नसताना घेतलेल्या प्रत्येक कोर्समधून गोळीला न जुमानणारे जंतू मागे उरतात, आणि आपल्याकडे सिप्रोफ्लॉक्सासिन या नेहमीच्या अँटिबायोटिकची धार आधीच बोथट झालेली आहे.

धावपळ करायची ती थंडी वाजून ताप, कमरेच्या वर एका बाजूला दुखणं, उलट्या किंवा वयस्कर माणसाचं अचानक भ्रमिष्टासारखं बोलणं दिसलं तर. मधुमेहात संसर्ग मूत्रपिंडात चढला तर क्वचित तिथे जंतूंमुळे वायू साठतो आणि मूत्रपिंड गमावण्याची वेळ येते. तेव्हा रिपोर्टचा फोटो ग्रुपवर टाकून उत्तराची वाट पाहायची नसते, त्याच रात्री हॉस्पिटल गाठायचं असतं.