फ्लेक्स नंतर लावा, आधी गोलसमोरचा खड्डा भरा

बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यातल्या जुन्या क्लबांची एक खोड आहे. स्पर्धा भरवायची ठरली की महिनाभर आधी पावती पुस्तकं बाहेर पडतात, चौकात फ्लेक्स लागतात, ढाली ठरतात, पाहुण्यांच्या शाली-फेट्यांचा हिशेब होतो. मैदानाची आठवण येते ती उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी, फक्कीचं, म्हणजे रेघा आखायच्या पांढऱ्या पावडरीचं पोतं आणायला कुणाला धाडायचं यावरून. स्पर्धा बंद करा असं कोण म्हणतंय? पण क्लब जुना असेल, फुटबॉलसोबत कबड्डी, व्हॉलीबॉल, क्रिकेट सगळं सांभाळत असेल, तर पहिला रुपया मातीत जायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी माती ओळखा. बेळगाव शहराच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला खानापूरच्या अंगाला तांबडी, जांभ्याची माती; पूर्वेकडं सरकलं की काळी. तांबड्या मातीत पाणी मुरतं, पण सतत तुडवून वरचा थर दगडासारखा झाला की तेच पाणी साचतं. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात बुटाला किलोभर चिकटते. एका मैदानाचा इलाज दुसऱ्यावर चालत नाही. फूटभर खोल खड्डा खणा, पाण्यानं भरा, तासाभरानं बघा. पाणी जवळपास तेवढंच असेल, तर वरून कितीही माती टाका, चिखल ठरलेला.

मैदान कासवाच्या पाठीसारखं हवं, मध्ये उंच आणि दोन्ही बाजूंना उतरतं. १०० बाय ६४ मीटरचं मैदान धरलं, तर मध्यापासून बाजूच्या रेषेपर्यंत ३२ मीटर होतात. एक टक्का उतार म्हणजे तेवढ्या अंतरात ३२ सेंटिमीटर. खेळताना तो जाणवतही नाही, पाणी मात्र वाहून जातं. त्यासाठी यंत्र लागत नाही. गवंड्याची पाण्याची लेव्हल ट्यूब आणि दोन खुंट्या पुरतात. रेषेच्या दोन मीटर बाहेर फूटभर रुंद, दीड फूट खोल चर खणून खडी भरा. चराचं तोंड मात्र गटाराला मिळालं पाहिजे. बहुतेक ठिकाणी चर असतो, तोंड बुजलेलं असतं.

आता गोलसमोरचा खड्डा. मुरूम टाकून मोकळं होणं ही सगळ्यात मोठी चूक. मुरमावर गोलकीपरचे कोपर-गुडघे सोलतात, त्यामुळं पोरं झेप घ्यायचीच टाळतात, आणि मग 'आपल्याकडं कीपर तयार होत नाहीत' अशी चर्चा आपणच कट्ट्यावर करतो. खड्ड्याच्या कडा सरळ कापा. तळ बोटभर खोल कुदळीनं भुसभुशीत करा, नाहीतर नवा थर जुन्यावर बसतच नाही, पापुद्र्यासारखा सुटतो. दोन भाग पोयटा, एक भाग वाळू कालवून पाच-पाच सेंटिमीटरचे थर द्या आणि प्रत्येक थर शिंपडून धुम्मसानं ठोका. वर हरळीच्या काड्या वीतभर अंतरानं, दोन पेरं मातीत जातील अशा लावा. लावणी जून-जुलैत, आणि सहा ते आठ आठवडे तिथं पाय नको.

इथंच सगळं अडतं. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवरचा हंगाम हिवाळा-उन्हाळ्याचा, त्यामुळं पावसात मैदान मोकळं मिळतं. आपल्याकडं पावसातच फुटबॉल रंगतो, शाळांच्या स्पर्धाही त्याच दिवसांत. म्हणून दरवर्षी एकाच गोलची बाजू बंद ठेवा. सराव उरलेल्या अर्ध्यात, आडवा, छोटे गोल लावून. मोठ्या पोरांची कुरकुर होणार, होऊ दे.

भराव टाकून झाला की टेपनं गोल मोजायला विसरू नका. आडव्या दांड्याच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंत २.४४ मीटर, खांबांच्या आत ७.३२ मीटर. दरवर्षी मुरूम पडत गेलेल्या मैदानावर गोल बुटका झालेला असतो, आणि झिजलेल्या मैदानावर हातभर उंच. लोखंडी सुटे गोल असतील तर मागच्या दांड्यावर वाळूची पोती हवीतच. पोरं दांड्याला लोंबकळतात, गोल पुढं पडतो. यात जीव गेल्याच्या घटना जगभर घडल्यात, ही गंमत नाही.

रोलर कधी फिरवायचा याला घड्याळ नाही, मूठ आहे. माती मुठीत दाबून सोडा. तळव्याला चिकटली तर थांबा. गोळा होऊन बोटाच्या टिचकीनं फुटला तर फिरवा. ओल्या मातीवर जड रोलर म्हणजे हरळीचा गळा दाबणं. गवत धरल्यावर ६४०० चौरस मीटरला एका खेपेस साधारण ३५ किलो युरिया पुरे, म्हणजे ४५ किलोचं अख्खं पोतंसुद्धा नको. जमीन ओली, पातं कोरडं असताना फेका आणि लगेच पाणी द्या. नाहीतर पिवळे डाग दिसतील आणि दोष खताच्या दुकानदाराला मिळेल.

आखणीचं सांगतो. सुतळी भिजली की आखडते आणि नायलॉन ताणलं की लांबतं, म्हणून माप फायबर टेपनंच. कोपरा ३-४-५ च्या त्रिकोणानं काढा. १०० बाय ६४ चे दोन्ही कर्ण ११८.७३ मीटर आले म्हणजे मैदान गुण्यात आहे. पेनल्टी बॉक्स ४०.३२ रुंद, १६.५ खोल. सगळ्या रेघांची लांबी ७०० मीटरच्या घरात जाते, त्यामुळं हात सैल सुटला तर फक्की पुरत नाही. फक्की घेताना चिमूटभर पाण्यात टाका. तापली, फसफसली तर तो न विरलेला चुना आहे, परत करा. घसरून पडलेल्या पोराच्या ओल्या जखमेवर आणि डोळ्यात तो जाळतो. विरलेला चुनाही झोंबतोच. खडूची पावडर सगळ्यात बरी.

बहुक्रीडा क्लबात भांडणं मातीवरूनच होतात. कबड्डीला १३ बाय १० मीटर मऊ, चाळलेली माती हवी, फुटबॉलला दाबलेली. दोन्ही एकाच जागी जमत नाहीत, कबड्डीचं मैदान बाजूला कायमचं ठेवा. मैदानाच्या मधोमध सिमेंटची क्रिकेट खेळपट्टी टाकणं हा तर हट्टच म्हणायचा. स्टडचे बूट तिथं घसरतात, घोटे तिथंच मुरगळतात. मॅटची पट्टी कडेला न्या, सीमारेषा एका बाजूला जवळ आली तर आली.

पोरांसाठी एवढंच: बारा वर्षांखालच्यांना चार नंबरचा चेंडू द्या. पाच नंबरचा ४१०-४५० ग्रॅमचा, त्यात पावसानं भिजलेला, असल्या चेंडूनं पोरं हेडिंगला घाबरायलाच शिकतात. पंपाची सुई कोरडी खुपसू नका, ग्लिसरीनचा थेंब लावा. निम्मे चेंडू व्हॉल्व फाटूनच मरतात.

कागदांची गोष्ट मात्र आपल्या सीमाभागाची खास. कोल्हापूर आणि गोवा शे-सव्वाशे किलोमीटरवर. खरे प्रतिस्पर्धी तिथले, खेळाची चवही तिथलीच. पण १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं, तेव्हापासून राज्याच्या संघाची वाट बेंगळुरूला जाते, पाचशे किलोमीटर. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास करून गेलेलं पोर नावातल्या एका अक्षरासाठी परत येऊ नये. जन्मदाखला कन्नडमध्ये, शाळेचा दाखला मराठीत, आधार इंग्रजीत. 'शुभम'च्या स्पेलिंगात एकीकडं एच असतो, दुसरीकडं नसतो. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या सीआरएस या ऑनलाइन खेळाडू-नोंदणीला बसण्याआधी, मेमध्येच, प्रत्येक पोराचे तिन्ही कागद शेजारी ठेवून वाचा.

क्लबाचेही कागद काढा. मुंबई राज्याच्या काळात नोंदलेल्या संस्थांची घटना जुन्या मराठीत, मूळ नोंदणी १८६० च्या कायद्याखालची. इथं आता कर्नाटकाचा १९६० चा संस्था नोंदणी कायदा. घटनेचं कन्नड भाषांतर करून ठेवा, ऐनवेळी धावपळ होते. वार्षिक सभेनंतर १४ दिवसांत पदाधिकाऱ्यांची यादी आणि तपासलेला हिशेब निबंधकाकडं गेला पाहिजे. बँकेत सही असलेले पंच, म्हणजे क्लबाचे विश्वस्त, हयात आहेत का बघा. जागेच्या उताऱ्यावर नाव क्लबाचं आहे की कधीकाळच्या एखाद्या पंचाचं, तेही बघा. वारसांचं घर वाटणीला निघालं की मैदानही त्यात ओढलं जातं.

आणि सभेत जमाखर्च वाचला जाईल तेव्हा 'मैदान' या नावाखाली किती पडलेत, तेवढं हात वर करून विचारा. फक्कीचं बिल सोडून.