नाताळ येतोय, आणि माझं डोकं उठतंय

दिवाळीचा कंदील खाली उतरला नाही तोच मॉलमध्ये कापसाचा बर्फ! अहो, बाहेर घामाच्या धारा लागल्यात! आम्हा ख्रिस्ती लोकांकडे नाताळाआधीच्या आगमनकाळाचे चार रविवार शांत, जांभळ्या वस्त्रांचे, वाट बघण्याचे. पण वाट बघू देतंय कोण? नोव्हेंबरपासून लिफ्टमध्ये, दुकानात, जिथे जावं तिथे तीच टुणटुण. खरा सण 24 डिसेंबरच्या रात्री सुरू होतो, जानेवारीत बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांच्या सणापर्यंत तरी चालतो. यांचं मात्र 26 ला सकाळी झाड गायब, 'इयर एंड सेल' हजर!

वर ऑफिसातले प्रश्न. "केक कधी?" "घरी वाईन असेलच ना?" "तुम्ही मराठी इतकं छान कसं बोलता?" अरे, वसईचा आहे मी! मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मराठीत, गाणी मराठीत, भांडणंसुद्धा मराठीत. आईचा नाताळ करंज्यांशिवाय होत नाही. मग बोलू कशात, फिनिशमध्ये?

मुलाच्या शाळेचं तर विचारूच नका. रात्री नऊला निरोप: उद्या लाल कपडे, पांढरी दाढी, आणि दाढी घरी केलेलीच हवी. आणि या सगळ्या थाटात बाळ येशू कुठाय? कुठेच नाही!

तरी येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यासाठी पेंढा आणायला सगळ्यांआधी मीच पळणार, गायनाच्या तालमीलाही मीच पहिला. तेवढं सुखाने करू द्या की! पण नाही. फोन वाजतोच: "24 ला गोव्याला येतोस का? तुला तर सुट्टीच असेल!"

24 ला? मला विचारतोस?