‘सातारकर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर (जरा लांबलंय, इलाज नाही)

नमस्कार सातारकर साहेब,

जिभेच्या कॅन्सरवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. दोनदा वाचली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात: सुरुवातीच्याच टप्प्यात ऑपरेशन झालेल्यांतले किती वाचतात, याचा मी दिलेला ८० टक्क्यांचा आकडा दिशाभूल करतो, आपल्याकडे निम्म्याहून जास्त पेशंट तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातच येतात, त्यांना तो लागू नाही, ऑपरेशननंतरच्या हालांबद्दल मी चकार शब्द काढला नाही, खर्चाचं काय. आणि मग, माझा मेव्हणा जिभेच्या कॅन्सरमधून वाचला त्यावरून, हे वाक्य: ‘मेव्हणा वाचला म्हणून दुकानदारानं लोकांना ज्ञान पाजळू नये.’

आधी या वाक्याचंच बघू.

दुकानदार आहे, कबूल. मिरजेत औषधांचं दुकान आहे. १८९४ साली वानलेस साहेबांनी इथं दवाखाना काढला, तेव्हापासून या गावात सांगली-कोल्हापूरच नाही, पार कर्नाटकातनं माणसं उपचाराला येतात, आणि त्यातली बरीचशी चिठ्ठी घेऊन आमच्यासारख्यांच्या काउंटरवर उभी राहतात. तोंडातल्या फोडाला लावायचं जेल मागणारा रोज एकतरी असतोच. फोड किती दिवसांचा, दुखतो का, मिश्री-मावा काही आहे का, एवढं मी विचारतो. तीन आठवडे उलटून गेले आणि फोड भरत नाही असं कळलं, की जेल देत नाही, कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे पिटाळतो. न दुखणाऱ्याला तर आधी. गिऱ्हाईक तोंड वाकडं करून शेजारच्या दुकानात जातं. यालाच ज्ञान पाजळणं म्हणत असाल तर म्हणा बापडे.

आता घरचं. लिहिणार नव्हतो, पण तुम्ही मेव्हण्याला ओढलंत म्हणून आईचंही सांगतो. आई मिश्री लावायची. जिभेच्या कडेला आधी पांढरा चट्टा होता, मग फोड आला. तुकडा काढून तपासायला द्या, असं डॉक्टर म्हणाले. तर भावकीतले शहाणे म्हणाले, ‘सुरी लागली की पसरतो.’ (पसरत नाही. तुकडा तपासल्याशिवाय कॅन्सर आहे की नाही तेच कळत नाही. पण हे वाक्य आजही माझ्या काउंटरवर ऐकू येतं.) मग झाडपाल्याचा लेप सुरू झाला. मानेत लिंबाएवढी गाठ दिसायला लागल्यावर दवाखान्यात नेलं. पुढचं इथं लिहीत नाही. त्या वेळी ‘लवकर जा, हा बरा होतो’ असं दरडावून सांगणारा एखादा आगाऊ दुकानदार आम्हाला भेटला असता तर मी त्याचे पाय धरले असते. तेव्हा निदान माझ्या ब्लॉगवर तरी मला हा विषय कुणी शिकवू नये.

आकड्याबद्दल एक गोष्ट तुमच्या पदरात टाकतो. ८० टक्के हे ३ वर्षांनंतरचं प्रमाण आहे, ५ वर्षांनंतरचं नाही. लेखात मी ‘३ वर्षे’ लिहिलंय, पण ते पहिल्याच ओळीत यायला हवं होतं. झालं समाधान?

आता त्या आकड्यात काय आहे तेही बघा. मुंबईच्या टाटात डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. ५०० पेशंट, तोंडाचा सुरुवातीच्या टप्प्यातला कॅन्सर, बहुतांश जिभेचाच, आणि मानेत हाताला गाठ लागत नव्हती. ज्यांच्या तोंडाच्या ऑपरेशनबरोबरच मानेतल्या लसिकाग्रंथीही (लिम्फ नोड, कॅन्सर आधी पसरतो तो यांच्यात) काढल्या, त्यांच्यातले ८० टक्के ३ वर्षांनी हयात होते. ‘गाठ आली तर बघू’ म्हणून ज्यांची मान सोडली, त्यांच्यात ६७.५ टक्के. माझा अख्खा लेख या साडेबारा टक्क्यांवर होता. ‘मानेला काही नाही तर कशाला कापायची?’ असं नातेवाईक विचारतात, त्यांच्यासाठी होता. त्यावर तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत.

उशिरा येणाऱ्यांचं म्हणाल तर मानेत गाठ उतरली की वाचण्याची शक्यता साधारण निम्म्यावर येते, ऑपरेशननंतर सहा आठवडे रेडिएशन लागतं, गाठीचं आवरण फुटलेलं असलं तर सिस्प्लाटिन हे केमोचं औषधही. हे सगळ्यांना माहीत आहे. लेख त्यावर नव्हता. विषय संपला.

हाल. मेव्हण्याची जीभ कडेनं कापलीय. ‘र’ नीट येत नाही. ‘रविवार’ म्हणाला की नवखा माणूस दोनदा विचारतो. भाकरी आमटीत कुस्करून खातो, पंगतीत सगळ्यात शेवटी उठतो, तिखट सोसत नाही. पण तासगावकडची द्राक्षबाग अजून स्वतः बघतो आणि मजुरांना शिव्या स्पष्ट ऐकू जातात. त्याचा फोड हाताला टणक लागला म्हणून वाचला तो. डॉक्टरांनी गॉजमध्ये जिभेचं टोक धरून बाहेर ओढलं आणि कडेवरनं बोट फिरवलं. वरनं शेंगदाण्याएवढा दिसणारा फोड, खाली बूड घट्ट. टप्पा ठरवताना आता नुसती लांबी-रुंदी नाही, खोलीही मोजतात. ५ मिलिमीटरच्या आत असेल तर चित्र वेगळं असतं. त्याची आत होती.

खर्चाबद्दल: कॅन्सरचे उपचार महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतात. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला भेटायचं. साताऱ्यातही ही सोय आहे, तुम्हाला माहीत असेलच.

बाकी भाषेबद्दल मी आणखी बोलत नाही, टोपणनावाच्या आडून बोलणाऱ्याशी किती वाद घालायचा. मात्र प्रतिक्रियेच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात, की तुमच्या चुलत्यांच्या जिभेवरही महिनाभर फोड आहे ‘आणि ते ठणठणीत आहेत’. साहेब, त्यांना उद्याच दाखवा. दात टोचतो म्हणून असेल असं धरून बसू नका. माझ्याशी भांडायला तुम्हाला नंतर भरपूर वेळ आहे.