चहाबियांच्या पेंडीविषयी खुलासा

‘चहाबियांची पेंड वनस्पतिजन्य असल्याने कोणत्याही तळ्यात निर्धास्त टाकावी,’ हा मत्स्यशेतकऱ्यांमध्ये फिरणारा संदेश चुकीचा आहे. दक्षिण चीनमध्ये, विशेषतः हुनान व जियांग्शी प्रांतांत, कॅमेलिया ओलिफेरा या चहाच्याच प्रजातीतील झाडाच्या बियांचे खाद्यतेल काढल्यावर उरणाऱ्या या पेंडीत सॅपोनिन (साबणासारखा फेस करणारे वनस्पतिजन्य द्रव्य) भरपूर असते. त्याच्या फेसामुळे तिकडे पूर्वापार केसही धुतले जात, परंतु पाण्यात तेच सॅपोनिन कल्ल्यांना इजा करून माशांच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडते. कोळंबीच्या रक्तात तांबड्या पेशी नसतात व ती त्याच मात्रेत तगते, म्हणूनच कोळंबीच्या तळ्यांतील नको असलेले मासे मारण्यासाठी ही पेंड वापरतात. आपल्याकडची मोहाची पेंडही सॅपोनिनमुळेच मासे मारते. रोहू-कटला सोडलेल्या तळ्यात यांपैकी कोणतीही पेंड कृपया टाकू नये.