"धूर फुफ्फुसात जातो, हृदयाशी काय संबंध?" – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

प्रदूषित हवेमुळेही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया वाचली. "धूर फुफ्फुसात जातो, हृदयाशी त्याचा काय संबंध? झटके तंबाखूने आणि आळसाने येतात. थोड्याफार धुराने काही होत नाही. डॉक्टर नसताना घबराट पसरवू नका." मतभेदाचं मला वावडं नाही, पण हा दरडावणीचा सूर कशासाठी? लेख शेवटपर्यंत वाचला असतात, तर पहिला प्रश्न पडलाच नसता.

तंबाखूचं मान्य. एका माणसापुरतं पाहिलं तर सिगारेट प्रदूषित हवेपेक्षा कितीतरी घातक आहे. पण सिगारेटला नाही म्हणता येतं, हवेला नाही.

आता आपलं ते "काय संबंध?". धुरातले २.५ मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण थेट वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या इवल्या पिशव्यांपर्यंत पोहोचतात. तिथे दाह होतो आणि त्याची रसायनं रक्तात उतरतात. रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं, त्या गरजेनुसार सैलावत नाहीत, रक्त गोठण्याकडे झुकतं. हृदयाची लय सांभाळणाऱ्या मज्जातंतूंवरही परिणाम होतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, पूर्वी झटका येऊन गेलेल्या पुरुषांना डिझेलच्या विरळ धुरात व्यायाम करायला लावला. स्वच्छ हवेच्या तुलनेत त्यांच्या ईसीजीवर हृदयाला रक्त कमी पडत असल्याची खूण जास्त ठळक दिसली. २०१७ मध्ये एडिंबरोच्या संशोधकांनी तर श्वासावाटे दिलेले सोन्याचे अतिसूक्ष्म कण माणसांच्या रक्तात शोधून दाखवले. मानेच्या धमनीतून शस्त्रक्रियेने काढलेल्या मेदाच्या थरातही ते सापडले. अजून कसला संबंध हवा?

आणि आळस! माझ्या वडिलांनी जन्मात विडीला हात लावला नाही. रोज पहाटे चालायला जायचे, तेही वाहत्या रस्त्याच्या कडेने, कारण दुसरी जागाच नव्हती. त्यांना झटका आला तेव्हा मी उशाशी होतो. त्यांना आळशी म्हणण्याआधी आपण जरा विचार करायला हवा होता. माझ्यासाठी हा विषय वाचून विसरण्याचा नाही.

मी डॉक्टर नाही, हे लेखातच लिहिलं आहे. त्यावर अधिक बोलण्यासारखं काही नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनमध्ये मात्र डॉक्टरच आहेत. अशा बारीक कणांच्या हवेत काही तास ते काही आठवडे राहिल्यानेही हृदयविकाराचा झटका आणि मृत्यू ओढवू शकतो, असं त्यांनी २०१० मध्येच लिहून ठेवलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही या कणांची वार्षिक सरासरी मर्यादा २०२१ मध्ये घनमीटरला १० मायक्रोग्रॅमवरून ५ वर आणली. थोड्याफार धुराने काही होत नसतं, तर ती निम्म्यावर आणायची गरजच पडली नसती. घबराटीचा आरोप करायचाच असेल, तर तो आधी त्यांच्यावर करा.