‘जुनी जखम उकरू नका’ हा सल्ला पीटीएसडीत उलटतो

पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर जडणारा मानसिक आजार, याबद्दल एक संदेश सध्या सगळीकडे फिरतो आहे. म्हणणं थोडक्यात असं: ‘पीटीएसडी हा सैनिकांचा आजार. इतरांनी मन घट्ट करावं, जुनी जखम उकरू नये. काळ हेच औषध. डॉक्टरकडे गेलात तर झोपेच्या गोळ्या जन्माच्या मागे लागतील.’ पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असेल, पण हा सल्ला माणसाला उपचारांपासून तोडतो.

सैनिकांचा आजार? १९८० साली अमेरिकन मानसोपचार संघटनेने या आजाराला अधिकृत नाव दिलं, तेव्हाच युद्धाबरोबर बलात्कार, अपघात, भूकंप-पूर यांचाही कारणांत उल्लेख होता. बलात्कारानंतर तर याचं प्रमाण फार मोठं असतं.

काळाबद्दलचं म्हणणं अर्धं खरं आहे. आघातानंतर पहिले काही आठवडे झोप उडणं, दचकणं, तेच तेच डोळ्यांसमोर येणं बहुतेकांना होतं आणि ओसरतं. म्हणूनच महिनाभर त्रास टिकल्याशिवाय निदान करत नाहीत. पण आजार जडल्यावर नुसतं थांबून भागत नाही. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत एक तृतीयांशाहून अधिक रुग्ण कित्येक वर्षांनीही पूर्ण बरे झालेले नव्हते.

आता ‘उकरू नका’. सर्वांत जास्त नुकसान हेच वाक्य करतं, कारण टाळणं हे या आजाराचं लक्षणही आहे आणि खतपाणीही. अपघातातून वाचलेला माणूस आधी तो रस्ता टाळतो, मग गाडी, मग घराबाहेर पडणंच. टाळलं की घटकाभर बरं वाटतं, आणि ‘टाळलं म्हणून वाचलो’ हे मनात आणखी घट्ट बसतं. मानसशास्त्रज्ञ एडना फोआ यांनी विकसित केलेल्या उपचारात हीच गाठ सोडवतात. प्रशिक्षित थेरपिस्टसमोर ती आठवण पुनःपुन्हा सांगायची, टाळलेल्या पण सुरक्षित जागी पायरीपायरीने जायचं. सुरुवातीला जड जातं, हे लपवू नये. हळूहळू मेंदूला उमगतं की ही आठवण आहे, आत्ताचा धोका नाही. मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया रेसिक यांच्या पद्धतीत ‘चूक माझीच होती’ यासारखे रुतलेले विचार तपासतात. अशा उपचारांची साधारण ८ ते १२ सत्रं असतात. डोळ्यांच्या हालचालींवर आधारलेली ईएमडीआर ही पद्धतही मान्यताप्राप्त आहे.

मात्र घटना घडताच कुणाला बसवून एकाच बैठकीत सगळं वदवून घेणं वेगळं. त्याने फायदा होत नाही, काहींना अपायही होतो. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेचा त्याला स्पष्ट नकार आहे. घरच्यांनीही ‘सांग ना, नेमकं काय झालं’ असा लकडा लावू नये.

गोळ्यांचं म्हणाल, तर पीटीएसडीत दिली जाणारी सर्ट्रालीन, पॅरॉक्सेटीन ही नैराश्यावरचीही औषधं आहेत, झोपेच्या गोळ्या नव्हेत. उलट बेंझोडायझेपिन गटातल्या, म्हणजे झोप आणणाऱ्या, घबराट शमवणाऱ्या गोळ्या पीटीएसडीसाठी देऊ नयेत, असंच तज्ज्ञ सांगतात. आधीच चालू असतील तर मनाने एकदम बंद करू नका. डॉक्टर त्या हळूहळू कमी करतात.

राहिलं ‘मन घट्ट करा’. ही माणसं रोज तेच करत असतात आणि त्यातच थकतात. त्यांना मागून अचानक हात लावू नका. दुःस्वप्नात ओरडली तर थोडं लांबून, नावाने हाक मारा. पहिल्या भेटीला दवाखान्यापर्यंत सोबत जा. आणि जगणं नको झाल्याची भाषा कानावर आली, तर त्याच दिवशी मदत मिळवा. तोवर त्यांना एकटं सोडू नका.