पाटी उचलायला घडवलेला माणूस

गेल्या आठवड्यात पुतण्यानं एक व्हिडिओ पाठवला, पावणेदोन तासांचा, आणि खाली लिहिलं, "काका हे बघाच, शाळेत आम्हाला हे कुणी सांगितलंच नाही." व्हिडिओत म्हणणं असं की सुमेरच्या, म्हणजे प्राचीन दक्षिण इराकच्या, मातीच्या पाट्यांवर सगळं लिहून ठेवलंय, अनुनाकी नावाचे लोक दुसऱ्या ग्रहावरून आले, त्यांना सोनं हवं होतं, खाणीत राबायला माणसं नव्हती, मग त्यांनी इथल्या माकडांत स्वतःची जनुकं मिसळली आणि माणूस बनवला. मी सगळा बघितला. फोनवर त्याला नीट सांगता आलं नाही, रागच आला थोडा, म्हणून इथं लिहितोय. लांबेल, पण वाचा.

पाट्या खऱ्या आहेत. देवांनी माणूस कामाला जुंपायला घडवला ही गोष्टही खरंच त्यावर आहे. अत्राहासिस म्हणतात त्या काव्याला, अक्कडी भाषेतलं, म्हणजे सुमेरीनंतर त्याच भागात चाललेल्या भाषेतलं. त्याची सगळ्यात चांगली जुनी प्रत बाबिलोनच्या अम्मीसदुका राजाच्या काळातली, म्हणजे आजपासून साधारण ३,६०० वर्षांपूर्वीची. हा राजा हम्मुराबीचा खापरपणतू. पाट्या फुटलेल्या, तुकडे वेगवेगळ्या म्युझियममध्ये पांगलेले, ते जुळवून लॅम्बर्ट आणि मिलार्ड ह्या दोन अभ्यासकांनी १९६९ साली सलग वाचता येईल असं काव्य उभं केलं. आता त्याची भाषांतरं सहज मिळतात, शंभरेक रुपयांच्या डेटात वाचून होईल. पण व्हिडिओ बनवणाऱ्यानं ते वाचलेलं नाही, हे मला पहिल्या दहा मिनिटांतच कळलं, कारण वाचलं असतं तर तो सोन्याच्या खाणीत गेलाच नसता.

काव्याची सुरुवातच अशी आहे की देव जेव्हा माणसांसारखे होते, तेव्हा तेच कष्ट करत होते, तेच पाटी वाहत होते. पाटी म्हणजे डोक्यावरची, माती भरायची. अक्कडी शब्द आहे शुपशिक्कू, त्याचा अर्थ ओझ्याचं टोपलंही आणि वेठीचं कामही. सात थोरल्या देवांनी, म्हणजे अनुनाकींनी, धाकट्या देवांना, इगिगींना, कामाला लावलं. आणि काम कुठलं? कालवे खणायचं. तैग्रिस आणि युफ्रेटिसचं पात्रसुद्धा ह्यांनीच खणलंय त्या गोष्टीत. वर्षानुवर्षं रात्रंदिवस खणून खणून ते वैतागले, आणि एके रात्री त्यांनी फावडी जाळली, पाट्या आगीत टाकल्या, आणि निप्पूर शहरातल्या एन्लिल देवाच्या वाड्याला वेढा घातला. मध्यरात्रीची वेळ, दारावरचा पहारेकरी घाबरून आत निरोप देतो, एन्लिल आपला कारभारी नुस्कू बाहेर पाठवतो की जा विचार, ह्यांचा म्होरक्या कोण. आणि सगळे म्हणतात, आम्ही एकूण एक. म्होरक्याचं नाव कुणीच सांगत नाही.

इथं मी पहिल्यांदा वाचताना थांबलो होतो. माझी आजी १९७२ च्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर होती, बीडकडं. लाल मिलोच्या भाकरी, सुकडी, आणि दिवसभर पाटी. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, आणि खड्ड्याच्या मापावर मजुरी. तिच्या टाळूवरचे केस विरळ झालेले मी लहानपणी बघितलेत, ती म्हणायची पाटीनं गेले. तिनं एकदा सांगितलं होतं की मुकादमानं माप कमी धरलं म्हणून एक दिवस सगळ्या बायांनी पाट्या पालथ्या घातल्या आणि त्यावर बसून राहिल्या, साहेब आला, म्हणाला ही कल्पना कुणाची, तर कुणी बोललंच नाही. आजीला बाबिलोन माहीत असायचं कारण नाही. पण ३,६०० वर्षांपूर्वी ज्यानं हे काव्य रचलं त्याला आजीसारखी माणसं नक्की माहीत होती.

तर पुढं. हे ऐकून एन्लिल रडतो. आणि देवांच्याच सभेत कुणीतरी म्हणतं की त्यांना दोष का द्यायचा, त्यांचं काम जड होतं, त्यांचा आक्रोश आपल्याला रोज ऐकू येत होता. मग तोडगा निघतो. वे-इलू नावाच्या एका देवाला मारायचं, त्याचं रक्तमांस मातीत मळायचं, आणि माणूस घडवायचा. जन्मदेवी मामी काम झाल्यावर सगळ्या देवांना सांगते की तुमचं जड काम मी काढून घेतलं, तुमची पाटी मी माणसावर ठेवली.

ह्यात सोनं कुठं आहे? कुठंच नाही. दक्षिण इराकच्या त्या सपाट गाळाच्या प्रदेशात सोनं मिळतही नव्हतं, बाहेरूनच यायचं. तिथं जगण्यामरण्याचा प्रश्न होता पाण्याचा. नदी गाळ आणते, कालवे दरवर्षी भरतात, ते दरवर्षी उपसावे लागतात, नाहीतर शेत संपलं आणि शहरही संपलं. म्हणून त्यांच्या देवांनासुद्धा कालव्याचं काम चुकलं नाही. सोन्याची खाण आणली झकारिया सिचिन ह्या लेखकानं, १९७६ साली, आणि जनुकं, दर ३,६०० वर्षांनी फेरी मारणारा ग्रह वगैरे सगळं त्याचंच. बर्लिनच्या म्युझियममधला एक छोटा दंडगोल शिक्का दाखवून त्यानं म्हटलं ही बघा सूर्यमाला, बारा गोळे. त्या शिक्क्यावर अक्षरं आहेत, ती वाचता येतात, त्यात माणसांची नावं आहेत, ग्रहाचा उल्लेखही नाही. आणि बाबिलोनी लोक आकाश इतकं बारकाईनं बघायचे की त्यांच्या नोंदी आजही वापरल्या जातात, त्यांनी ग्रह पाचच मोजलेत, डोळ्यांना दिसतात तेवढेच.

मला सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटतं सांगू का, त्या वे-इलूचं. मारलेल्या देवाचं नाव वे-इलू, आणि अक्कडीत माणसाला शब्द आहे अवीलू. इलू म्हणजे देव. म्हणजे माणूस ह्या शब्दाच्याच पोटात त्यांना देव ऐकू येत होता. आणि ह्या देवाकडं होती बुद्धी, तेमू. ती माणसात उतरली. तो मेला त्याचं एतेम्मू झालं, म्हणजे पिशाच, आत्मा म्हणा, तेही माणसात राहिलं. आणि काव्य म्हणतं की ह्या मारलेल्या देवाची आठवण बुजू नये म्हणून आत एक ढोल वाजत राहील. बरेच अभ्यासक म्हणतात तो ढोल म्हणजे काळजाचे ठोके. मला तेच पटतं. रात्री उशीवर कान टेकला की धडधड ऐकू येते ना, तिचा इतका सुंदर अर्थ कुणीतरी लावून ठेवलाय, आणि आपण त्याचं काय केलं तर लॅबमधला प्रयोग.

आणि माती का? कारण तिथं दुसरं काही नव्हतं. त्या भागात दगड नाही, चांगलं लाकूड नाही. घराची वीट मातीची, लिहायची पाटी मातीची, इतकंच काय, फार जुन्या काळात पीक कापायचे विळेसुद्धा भाजलेल्या मातीचे सापडलेत. सगळंच मातीचं, तर माणूस कशाचा असणार? मध्य अमेरिकेत किचे माया लोकांची कथा बघा. तिथंही देवांनी आधी मातीचा माणूस केला, तो विरघळला, मग लाकडाचा केला, त्याला काळीज नव्हतं, शेवटी मक्याच्या पिठाचा केला आणि तो जमला. मक्याचं पीक माणसानं हाताशी धरलं तेच मुळी मेक्सिकोत, साधारण ९,००० वर्षांपूर्वी. ज्याच्यावर आपण जगतो त्याचेच आपण बनलेलो आहोत, हे ते सांगत होते, आणि मला तर त्यात काही चूक दिसत नाही.

पुतण्याचा दुसरा मुद्दा होता की काका, पण आठवण राहिलेली असेल ना, पिढ्यानपिढ्या सांगत आले असतील. हा प्रश्न चांगला आहे आणि तो मी उडवून लावणार नाही. आठवणी खरंच खूप टिकतात. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये माझामा नावाचा ज्वालामुखी साधारण ७,७०० वर्षांपूर्वी फुटला, डोंगर आतच कोसळला आणि तिथं तळं झालं, आणि तिथल्या क्लामाथ लोकांच्या गोष्टीत दोन सरदारांच्या लढाईत डोंगर खाली पडतो. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर २१ ठिकाणच्या आदिवासींच्या गोष्टी गोळा करून दोन अभ्यासकांनी मांडलंय की बर्फ वितळून समुद्र वर आला, जमीन बुडाली, ते ह्या गोष्टींत ७,००० वर्षांहून जास्त टिकून आहे. मला हे वाचून अंगावर काटा आला होता. पण हिशोब करा. आपल्यासारख्या माणसांची सगळ्यात जुनी हाडं मोरोक्कोतल्या जेबेल इरहूदला सापडली, सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीची. पंचवीस वर्षांची पिढी धरली तर बारा हजार पिढ्या. माझामाची आठवण तीनशे पिढ्या आली तेच नवल. आणि आपण निर्माण होत असताना बघायला होतं कोण? जन्माची आठवण बाळाला नसते, ती आईनं सांगितलेली असते. इथं आईही नव्हती सांगायला, एक दिवस माणूस नव्हता आणि दुसऱ्या दिवशी झाला असं घडलंच नाही.

ह्याच कारणानं मला दशावतार म्हणजे उत्क्रांती हे फॉरवर्डही पटत नाही, आणि मी रोज देवपूजा करणारा माणूस आहे हे मला ओळखणाऱ्यांना माहीत आहे. मासा, मग कासव, मग वराह, हा क्रम डार्विनशी जुळवायचं काम १८७७ मध्ये थिऑसॉफी नावाच्या अध्यात्मिक पंथाच्या ब्लाव्हाट्स्की बाईंनी केलं, डार्विनचं पुस्तक येऊन अठरा वर्षं झाल्यावर. आपल्या जुन्या ग्रंथांत काय आहे? शतपथ ब्राह्मणात मनू सकाळी हात धुतोय, पाण्यात छोटा मासा येतो, म्हणतो मला वाढव, मी तुला वाचवीन. पहिल्याच गोष्टीत माणूस हजर आहे! हात धुतोय! मग मासा माणसाच्या आधीचा कसा? आणि तो मासा तिथं विष्णूही नाही, महाभारतात तो स्वतःला प्रजापती म्हणवतो, विष्णूचा अवतार पुराणांत झाला. ह्या गोष्टीचा जीव आहे तो एका ओंजळीत मावणाऱ्या जिवावर दया करण्यात. तिला जीवशास्त्राचं सर्टिफिकेट कशाला पाहिजे.

परत अत्राहासिसकडं येतो, कारण शेवट कुणी सांगतच नाही. माणसं वाढतात, गलका इतका होतो की एन्लिलची झोप उडते, तो रोगराई पाठवतो, दुष्काळ पाठवतो, शेवटी महापूर. अत्राहासिस नावाचा माणूस, ज्याच्यावरून काव्याला नाव पडलं, होडी बांधून जीव वाचवतो. पुरात माणसं मेल्यावर देवांना नैवेद्य मिळेना, ते उपाशी, आणि तो वाचलेला माणूस नैवेद्य दाखवतो तेव्हा देव त्यावर माश्यांसारखे गोळा होतात. मग समेट होतो, आणि समेटाच्या अटी काय तर काही बायकांना मूल होणार नाही, काही देवळातल्या बायकांनी मूल होऊ द्यायचं नाही, आणि पाशित्तू नावाची एक राक्षसी येऊन बाळंतिणीच्या मांडीवरून बाळ उचलून नेईल.

ही ओळ वाचून मी लॅपटॉप बंद केला होता. आजीची दोन मुलं पाचवीच्या आत गेली होती. पाटा-वरवंटा पुजून, विळा उशाला ठेवूनसुद्धा. ती त्यांची नावंही घ्यायची नाही, कारण ठेवलीच नव्हती. बाळ का गेलं ह्याला तिच्याकडं उत्तर होतं सटवाईचं, आणि त्या बाबिलोनी बाईकडं पाशित्तूचं. माणूस कुठून आला हे विचारणारी माणसं खरं तर हेच विचारत होती की आम्हालाच एवढं ओझं का, आणि आमचीच बाळं का. त्यांनी ते पूर्ण इमानानं विचारलंय. त्यावर परग्रहाचं यान उतरवलं की त्यांचा प्रश्नच पुसला जातो, म्हणून मला राग आला, पुतण्यावर नाही रे बाबा, तू उलट मला हे पुन्हा वाचायला लावलंस.

रविवारी घरी ये, सोबत बसून वाचू. तीन पाट्या आहेत फक्त. लिहिणाऱ्यानं खाली स्वतःचं नाव टाकलंय, इपिक-आया, धाकटा लेखनिक, म्हणजे अजून उमेदवारी करणारा पोरगाच असावा. आणि आजीच्या मुकादमासारखं त्यानं प्रत्येक पाटीचं माप लिहिलंय, पहिलीत ४१६ ओळी, दुसरीत ४३९, तिसरीत ३९०, एकूण १,२४५. मी बेरीज करून बघितली, बरोबर येते.